गाडीच्या हॉर्नला डॅशबोर्डवर वेगळं पुश बटन कसं जोडावं?

तुमचा प्रश्न असा: नागपुरात जुनी हॅचबॅक चालवता, स्टिअरिंगवरचा हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. म्हणून डॅशबोर्डवर एक पुश बटन लावून बॅटरीची वायर त्या बटनातून सरळ हॉर्नपर्यंत नेली तर चालेल का?

बटन लावा, पण हॉर्नचा करंट त्या बटनातून नेऊ नका. बटनाने फक्त रिले (आतल्या कॉइलला थोडासा करंट मिळाला की मोठा करंट जोडून देणारा स्विच) ऑन करायचा, हॉर्नला करंट रिलेने द्यायचा. आणि पहिली वायर सोलायच्या आधी एक गोष्ट नक्की करून घ्या: तुमच्या गाडीत हॉर्नचं स्विचिंग, म्हणजे चालू-बंद होणं, प्लसच्या बाजूला होतं की अर्थच्या (बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या गाडीच्या बॉडीच्या). हे न बघता केलेल्या जोडणीत फ्यूज उडतो, आणि मध्ये फ्यूज नसेल तर वायर जळते.

त्याही आधी बिघाड कुठे आहे ते शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. फ्यूजबॉक्समधला हॉर्नचा रिले काढा. सॉकेटमधल्या ३० (बॅटरीचा प्लस येणारी) आणि ८७ (हॉर्नकडे जाणारी) या दोन खाचा फ्यूज लावलेल्या वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. हॉर्न खणखणीत वाजला तर हॉर्न, त्याचा फ्यूज आणि पुढची वायरिंग ठीक आहे. नाही वाजला तर नवं बटन लावूनही वाजणार नाही. अशा वेळी हॉर्नचा कपलर (वायर जोडणारा प्लग), फ्यूज आणि बॉडी अर्थ बघा. हॉर्न वाजला असेल तर रिले परत लावा आणि स्टिअरिंग थोडं थोडं फिरवत हॉर्न दाबा. चाक सरळ असताना वाजतो आणि वळवलं की बंद पडतो, असं असेल तर दोष स्टिअरिंगमधल्या संपर्कात आहे. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्यांत तिथे पितळी कडी आणि स्प्रिंगवरचा पॉइंट असतो. तो झिजतो किंवा काळा पडतो, आणि साफ करून बऱ्याचदा चालू होतो.

एअरबॅगच्या गाडीत तिथे क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे गुंडाळलेली चपटी पट्टी. हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग या दोघांच्या तारा तिच्यातूनच जातात. हॉर्न बंद आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला, अशी जोडी दिसली तर कृपया बटनावर भागवू नका. बटनाने हॉर्न वाजेल, पण धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा राहणार नाही. क्लॉक स्प्रिंग बदलून घ्या, तीही जाणकाराकडूनच. स्टिअरिंगचं पॅड घरी उघडू नका. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या स्लीव्हच्या वायरला टेस्ट लॅम्प तर लावूच नका, त्या वायर एअरबॅगच्या असतात.

आता प्लस की अर्थ ते. हॉर्नचा कपलर काढा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या मायनसला लावा. कोणीही हॉर्न दाबलेला नसताना कपलरच्या एखाद्या पिनवर १२ व्होल्ट मिळाले तर तुमच्या गाडीत अर्थ स्विचिंग आहे: हॉर्नला प्लस कायम मिळतो आणि स्टिअरिंगचं बटन दुसरी वायर बॉडीला टेकवतं. काहीच मिळालं नाही आणि बटन दाबल्यावरच १२ आले, तर प्लस स्विचिंग. बहुतेक नव्या गाड्या अशाच असतात, कारण मध्ये रिले असतो. गंमत अशी की त्या गाड्यांतही स्टिअरिंगचं बटन अर्थच देतं, पण हॉर्नला नाही, रिलेच्या कॉइलला.

अर्थ स्विचिंगच्या गाडीत बॅटरीचा प्लस चुकून हॉर्नच्या स्टिअरिंगकडे जाणाऱ्या वायरला जोडला गेला, तर ज्या क्षणी स्टिअरिंगवर हॉर्न दाबाल त्या क्षणी बॅटरीचा प्लस थेट बॉडीला लागेल. शॉर्ट. वेगळ्या बटनाच्या जोडणीत जळलेली वायरिंग दिसते ती बहुधा याच चुकीमुळे.

रिले आधीपासून असेल आणि फ्यूजबॉक्समध्ये हात पोचत असेल, तर काम अगदी सोपं आहे. रिले काढून सॉकेटमध्ये कॉइलच्या दोन खाचा शोधा. एकीवर १२ व्होल्ट असतील. दुसरी स्टिअरिंगकडे जाते: मीटर कंटिन्युइटीवर (बीपवर) ठेवा आणि कोणाला तरी हॉर्न दाबायला सांगा, तेव्हा ती अर्थला जुळलेली दिसेल. स्टिअरिंगचा संपर्क खराब आहे म्हणून ती दिसेलच असं नाही. चाक हळूहळू फिरवत बघा, एखाद्या कोनात मीटर बीप करेल. त्या वायरला एक बारीक वायर जोडून केबिनमध्ये न्या, बटनाच्या एका टर्मिनलला लावा, बटनाचं दुसरं टर्मिनल बॉडीला. झालं. दोन्ही बटनं स्वतंत्र चालतात, मूळ वायरिंग कापावी लागत नाही, नवा फ्यूजही लागत नाही. तुमच्या गाडीत हे शक्य असेल तर पुढचं काही करू नका असंच मी सांगेन.

रिले नसेल, किंवा तो कंट्रोल युनिटच्या आत बसवलेला असेल, तर आपला रिले लावायचा. सामान थोडंच आहे: १२ व्होल्ट ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले सॉकेटसकट, १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज झाकणाच्या होल्डरसह, २.५ स्क्वेअर एमएमची ऑटो वायर दोन-तीन मीटर, ०.७५ स्क्वेअर एमएमची चार मीटर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), कापडी टेप आणि वायरवर चढवायचा वळ्यावळ्यांचा (कॉरुगेटेड) प्लास्टिक पाइप.

बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, फ्यूजमधून रिलेची पिन ३०. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो रिलेजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज हा सगळा तुकडा उघडा राहतो, आणि पत्र्यावर घासून तोच आधी शॉर्ट होतो. पिन ८७ वरून हॉर्नचा प्लस. हॉर्नचा मायनस बॉडीला, रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना: ८६ ला इग्निशन ऑन केल्यावर येणारा प्लस, २ किंवा ३ अँपिअरच्या फ्यूजमधून. पिन ८५ वरून बारीक वायर बटनाला, आणि बटनाचं दुसरं टोक बॉडीला. कॉइलचा प्लस इग्निशनवर घेण्याचं कारण साधं आहे: बंद गाडीत मुलं बटनाशी खेळली तरी हॉर्न वाजत नाही. रिलेत आतून डायोड नसेल तर ८५ आणि ८६ च्या मध्ये १ एन ४००७ हा डायोड लावा, पांढऱ्या पट्टीची बाजू ८६ कडे. रिले सुटताना कॉइल उलट्या व्होल्टेजचा झटका देते, तो डायोड गिळतो. नागपूरच्या सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो किरकोळ किमतीला मिळतो.

जुन्या अर्थ स्विचिंगच्या गाडीत मी याच निमित्ताने सगळंच सरळ करून घ्यायला सांगेन. स्टिअरिंगकडून येणारी वायर हॉर्नवरून सोडवा आणि पिन ८५ ला जोडा, नव्या बटनाच्या वायरबरोबर. हॉर्नचा एक टर्मिनल ८७ ला, दुसरा बॉडीला. हॉर्नला आधी येणाऱ्या कायम प्लसच्या वायरचं टोक नीट बंद करा, ती अजून जिवंत आहे. आता स्टिअरिंगच्या झिजलेल्या संपर्कातून आठ-दहा अँपिअरऐवजी जेमतेम ०.१५ अँपिअर जातात, आणि कितीतरी वेळा तो मूळ हॉर्नही परत वाजायला लागतो.

थेट बटनातून का नाही, त्याचा हिशेब असा. डिस्क हॉर्न साधारण ४ ते ५ अँपिअर खातो, जोडी असेल तर दहाच्या आसपास. हॉर्नमधून डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे चार मीटर वायर. ती ०.५ स्क्वेअर एमएमची असेल तर वाटेतच दीड व्होल्ट हरवतो आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. २.५ ची असेल तर ०.३ व्होल्टच जातो. पण मग ती जाड, जिवंत वायर केबिनमध्ये येते, जे नको आहे. शिवाय हॉर्नच्या आत कॉइल आहे, संपर्क सुटताना ठिणगी पडते. बटनावर ३ अँपिअर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं ते एसीचं; १२ व्होल्ट डीसीवर अशा भाराखाली त्याचे पॉइंट चिकटतात. मग बटन सोडलं तरी हॉर्न थांबत नाही. अर्थच्या बाजूला रिलेमार्गे लावलेल्या बारीक वायरचं इन्सुलेशन फाटलं, तर फार फार तर हॉर्न वाजत राहतो, आग लागत नाही. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बटन दाबलं की चालू, सोडलं की बंद अशा जातीचं घ्या. दाबल्यावर आत अडकून राहणारं नको. १६ किंवा १९ मिमीचं, मागे रबर रिंग असलेलं धातूचं बटन चांगलं. दारावरच्या बेलचं बटन रिलेच्या बाजूला चालून जाईल, पण आपल्याकडच्या धुळीत त्याचं पितळ लवकर काळं पडतं. जागा स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, डॅशबोर्डच्या खालच्या भागात, जिथे स्विचच्या रिकाम्या खाचा झाकणं लावून ठेवलेल्या असतात. त्या झाकणालाच भोक पाडा. गाडी विकताना नवं झाकण लावलं की संपलं. गुडघा लागेल तिथे नको, एअरबॅगच्या पॅनलवर तर मुळीच नको.

डबल टेपने बटन चिकटवू नका. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड त्याहून किती तरी तापतो, टेपचा गोंद पातळ होतो आणि बटन लोंबायला लागतं. साध्या पीव्हीसी टेपचंही तेच: गोंद सुटून चिकट पट्टी उरते आणि जोड उघडा पडतो. म्हणून थिंबल दाबून वर हीट श्रिंक, आणि बाहेरून कापडी टेप. पत्र्याच्या भिंतीतून वायर आणताना आधीच असलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच आणा, आणि ग्रोमेटच्या आधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून आत येण्याऐवजी तिथेच ठिबकून जाईल. रिले सायलेन्सरच्या नळीपासून लांब, पिना खाली करून बसवा. हॉर्न स्वतःच्या पट्टीवरच टांगा. त्याची डबी बॉडीला टेकली तर नवा हॉर्नही दबलेला वाजेल.

बटन वेगळं झालं तरी हॉर्न गाडीला शोभेल असाच राहू द्या. वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम ११९ मध्ये, मना आहे. विनाकारण हॉर्न वाजवला तर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा १००० रुपये, पुढच्या वेळी २००० दंड आहे. मेयो आणि मेडिकल या रुग्णालयांच्या आसपास तर हात आवराच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा निदान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो.

सगळं जोडल्यावर इंजिन बंद, इग्निशन ऑन ठेवून हॉर्न दाबा आणि हॉर्नच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर एखादं थिंबल नीट दाबलेलं नाही किंवा अर्थखाली रंग राहिलाय. मग दहा सेकंद सलग वाजवून रिले, फ्यूज होल्डर आणि थिंबलला हात लावून बघा. गरम लागलं तर तो जोड पुन्हा करा. १५ अँपिअरच्या नव्या फ्यूजवर (नवा लावला नसेल तर हॉर्नच्या मूळ फ्यूजवर) मार्करने हॉर्न असं लिहा, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवून ठेवा. कधी हॉर्न अडकलाच तर तोच फ्यूज ओढायचा आहे.