मॅडम, नववीत कादंबरी वाचायला द्यायची का?

"त्याला एखादं चांगलं पुस्तक सांगा ना मॅडम, संस्काराचं." मुलांशी बोलायचं, त्यांच्याकडून लिहून घ्यायचं हे माझं काम, त्यामुळे नववी-दहावीतल्या मुलांच्या आयांकडून हे मी सतत ऐकते. मुलगा घरात बोलत नाही, विचारलं तर 'काही नाही' म्हणतो, निबंध पाठ करून लिहितो. मग मी मिलिंद बोकिलांची 'शाळा' सुचवते आणि समोरचा चेहरा बदलतो. "पण त्यात ते मुलीचं वगैरे आहे ना?"

आहे. २००४ साली आलेल्या या कादंबरीत आणीबाणीच्या काळातला, नववीतला मुकुंद जोशी स्वतःच आपली गोष्ट सांगतो. अर्धवट बांधलेल्या इमारतीत मित्रांबरोबर बसतो, वर्गातली शिरोडकर त्याला आवडते, घरी सगळं सांगत नाही. तो आदर्श मुलगा नाही आणि म्हणूनच तो मला उपयोगी पडतो. आदर्श मुलाच्या गोष्टीपुढे नववीतलं पोरगं मान डोलावतं आणि मिटून जातं.

मध्यंतरी नागपुरातल्या मानेवाड्याकडून एक आई मुलाला घेऊन आल्या. चाचणीच्या गणिताच्या पेपरवर पोरानं वडिलांची सही स्वतःच केली होती. शाळेनं पकडलं, घरी बोलावणं आलं. "आमच्या घरात असं कोणी नाही हो. हा कोणावर गेला?" मुलगा मोबाइलच्या कव्हरचा कोपरा नखानं सोलत बसला होता.

'का केलंस' हे मी विचारलं नाही. शाळेनं, आईनं, वडिलांनी तेच विचारून झालं होतं आणि प्रत्येकाला 'चुकलं' एवढंच उत्तर मिळालं होतं. मी त्याला कादंबरी दिली. पहिली तीसेक पानं वाच, नाही आवडलं तर परत आण, एवढंच सांगितलं.

परत आला तो अर्धी वाचून.

"कसा आहे मुकुंद?"

"चांगला आहे."

"चांगला, वाईट, हुशार हे शब्द आज बंद. तो काय करतो ते सांग."

"दोस्तांसोबत त्या बिल्डिंगमध्ये बसून राहतो. घरी नाही सांगत."

"का नाही सांगत?"

"सांगून काय होते? ते वेगळंच समजतात ना."

"ते म्हणजे कोण?"

"त्याच्या घरचे." मग जरा थांबून, "सगळेच."

पुढच्या भेटींत मी त्याला सहीचा दिवस लिहायला सांगितला. 'मी' वापरायचं नाही, 'तो' म्हणून लिहायचं, कादंबरीतल्या मुलाबद्दल लिहितोय तसं. पहिला कागद आला: 'तो एक प्रामाणिक मुलगा होता, परंतु परिस्थितीमुळे त्याचे पाऊल वाकडे पडले.' हे त्याचं नव्हतं, गाइडचं होतं. मी एवढंच विचारलं: कुठे बसला होता? हातात काय होतं? जमत काय नव्हतं?

दुसरा कागद असा होता:

'तो गॅलरीत बसला. रफ वहीच्या मागच्या पानावर त्यानं सही गिरवली. शेवटच्या रेघेला बाबा खाली झटका देतात तो जमत नव्हता. इतवारीत दुकानावर बाबा चालानवर उभ्यानंच सही मारतात, फोनवर बोलता बोलता. वाचत नाहीत. पेपर समोर ठेवला असता तर त्यावरही मारली असती.'

मी तो दोनदा वाचला. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी असं पान समोर आलं की हातातला पेन खाली ठेवावासा वाटतो.

"न वाचता मारली असती, तर मागितली का नाहीस?"

"म्हणूनच ना." तो खिडकीकडे बघत राहिला. "मागितली असती तर त्यांनी मार्क पाहिलेच नसते. पकडलो तर पाहतील तरी."

सही करताना त्याच्या मनात हे खरंच होतं, की लिहिताना सापडलं? मला वाटतं, लिहिताना सापडलं. त्यानं काही बिघडत नाही. आपण का वागलो हे माणसाला बहुतेक वेळा नंतरच कळतं, आणि कळायला ते कुठेतरी मांडावं लागतं. 'हा खोटारडा आहे' या एका वाक्यात घर, शाळा आणि तो स्वतः असे सगळे अडकले होते. त्या वाक्याच्या जागी आता एक प्रसंग आला. गॅलरी, रफ वही आणि न जमणारी रेघ. प्रसंगातल्या मुलाशी बोलता येतं, खोटारड्याशी फक्त भांडता येतं.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १२ ते १८ या वयाचा मुख्य प्रश्न सांगितला तो 'मी कोण?' हा. त्याला आपला जन्मदाता पिता कोण हे माहीत नव्हतं, सावत्र वडिलांचं होम्बर्गर हे नाव घेऊन तो वाढला आणि १९३९ मध्ये त्यानं एरिक्सन हे आडनाव स्वतः घेतलं. असा माणूस या प्रश्नावर आयुष्य घालवतो यात मला नवल वाटत नाही. मी मानते ते माणसाच्या स्वतःबद्दलच्या गोष्टीवर काम करणारी 'नॅरेटिव्ह थेरपी' ही उपचारपद्धती मांडणाऱ्या मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांना: माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो, तिच्यात तो राहतो. ती गोष्ट बदलायला उपदेश उपयोगी पडत नाही, तपशील पडतो.

आता आईवडिलांसाठी. पुस्तक आधी स्वतः वाचा. मुलानं वाचल्यावर 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न तोंडातून काढू नका. तात्पर्य मागितलं की पोरं तात्पर्यच देतात, तुम्हाला हवं ते. 'त्यानं घरी का नाही सांगितलं?', 'तू असतास तर?' असं विचारा, तेही भाजी निवडताना, गाडीवरून जाताना. समोरासमोर बसवून नाही. मग आपल्याच दिवसातला एखादा प्रसंग लिहू द्या, दहा-पंधरा मिनिटं, 'तो' किंवा 'ती' म्हणून. ऱ्हस्व-दीर्घ पहिल्या कागदावर तपासू नका. दाखवला तरच वाचा, दप्तरातून काढून तर कधीच नाही.

दुसऱ्या कागदावर मात्र काम करून घ्या, कारण लेखन तिथे शिकता येतं. प्रत्येक विशेषण खोडायचं आणि त्या जागी कृती लिहायची. 'बाबा निष्काळजी आहेत'पेक्षा 'बाबा उभ्यानंच सही मारतात' हे वाक्य किती पुढचं आहे, ते मुलांना एकदा दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. बोर्डाच्या कृतिपत्रिकेतलं स्वमत पाठांतरानं सुटत नाही, तिथेही हेच कामाला येतं. पण मार्कांसाठी म्हणून हे सुरू केलंत तर पोरं ओळखतात, सांगून ठेवते.

आणि चूक ती चूकच. सहीमागचं कारण कळलं म्हणून सही माफ झाली नाही. तो वर्गशिक्षिकांकडे एकटा गेला, आपण होऊन बोलला, मिळाली ती शिक्षा घेतली. चारित्र्य म्हणतात ते याला, आणि ते समजून घेतल्यावरच जमतं असा माझा अनुभव आहे.

वडिलांना मी तो कागद दाखवला नाही, तो निर्णय मुलाचा होता. दुकान बंद होतं त्या दिवशी ते आले तेव्हा त्यानं स्वतःच वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण पडले किती होते गणितात?"

"वीसपैकी सात."

"आण तो पेपर. कुठे अडलं ते पाहू."

तुमचं मूल सहावी-सातवीत असेल तर 'शाळा' थोडी थांबू द्या. तोवर प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा द्या, 'वनवास'पासून सुरुवात करा. प्रश्न तेच विचारायचे.