महागडा युकुलेले म्हणजे टेनरच का?

युकुलेले म्हणजे चार तारांचं, गिटारसारखं छोटं वाद्य. लॅमिनेटच्या (पातळ थर चिकटवलेल्या लाकडाच्या) सोप्रानोवरून, म्हणजे लहान आकारावरून, वर जायचंय, लाखभर रुपये बाजूला काढलेत, तर टेनर, म्हणजे मोठा आकार, कोआच्या लाकडाचा घ्यावा की महोगनीचा, असं तुम्ही विचारलंय. मला आधी सांगा, टेनरच का? कोणीतरी "आता मोठा घे" म्हणालं असणार.

आमच्याकडे हे म्हणणारा माझा चुलतभाऊ. दादा गिटार वाजवतो आणि सोप्रानो हे पोरांचं खेळणं, असं त्याचं ठाम मत. भाचीच्या लग्नाला कॅलिफोर्नियात गेलो होतो, तेव्हा त्याला घेऊनच दुकानात गेलो. एकाच कारागिराचे कोआचे दोन युकुलेले, टेनर आणि सोप्रानो, आलटून पालटून वाजवले. टेनरचा आवाज भरदार, पण जलद ऱ्हिदम धरला की आधीची कॉर्ड विरायच्या आत पुढची तिच्यात मिसळायची. सोप्रानोवर प्रत्येक झटका सुटा, खणखणीत, आणि मागची पाटी पोटाला टेकली की थरथर थेट अंगात. मी सोप्रानो घेतला. दर गणपतीत हा विषय निघतो आणि दादा अजून ऐकत नाही.

1879 मध्ये मदेइराहून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज सुतारांनी जे वाद्य रुजवलं ते छोटंच होतं. युकुलेले बनवणारे सॅम्युअल कमाका यांनी 1916 साली हवाईतल्या होनोलुलूत काम सुरू केलं, 1928 मध्ये अननसाच्या आकाराचं पेटंट घेतलं, तोही सोप्रानोच. टेनर नंतर आला. मग खेळणं कुठलं?

लाकडाचं म्हणाल तर कोआ फक्त हवाईत होतो, म्हणून महाग. त्यातल्या लाटालाटांच्या नक्षीचे जास्तीचे पैसे डोळ्यांसाठी असतात, कानांसाठी नाही. सॉलिड (थर न चिकटवलेली, अखंड) महोगनी, नीट सेटअप केलेली (तारांची उंची वगैरे जुळवलेली), मला कधीही चालेल. शिपिंग आणि कस्टम धरूनच बजेट बघा.

सॉलिड लाकूड हवा ओळखतं. पुण्यात मे महिन्यात फ्रेटची (वाद्याच्या गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचायला लागली की लाकूड सुकलं समजायचं. केसमध्ये आर्द्रतामापक ठेवा, काटा 45 ते 55 टक्क्यांत राहू द्या, भिंतीवर टांगू नका.

हां, बोटं जाड असतील, लो जी (जी सुराची तार, नेहमीपेक्षा एक सप्तक खालची) लावून एकेक सूर छेडत वाजवायचं असेल, तर 17 इंची स्केलचा (तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) टेनर खुशाल घ्या. फक्त तो तुमच्या हाताला हवा म्हणून घ्या, कोणा दादाला पटवायला नको.