संशोधकांचे प्रश्न : ‘बरं आहे’ या उत्तराचे करायचे काय?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पत्रे या सदराकडे हिवाळा संपता संपता वाढतात, कारण लघुप्रबंध सादर करण्याची मुदत तेव्हा जवळ आलेली असते. या वेळी तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यातील अडचण एकट्या त्या विद्यार्थिनीची नाही.

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘नाशिक जिल्ह्यातील स्थलांतरित आदिवासी महिला मजुरांच्या समस्या : एक अभ्यास’ हा माझा विषय आहे. साठ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन मी पंचवटीतील एका मजूर नाक्यावर आणि दिंडोरी तालुक्यातील दोन द्राक्षबागांवर गेले. बागेवर मालकांनीच नेले आणि मुलाखती संपेपर्यंत टोळीचा मुकादमही तेथेच होता. एकूण चाळीस बायका बोलल्या, पण बहुतेकींनी ‘बरं आहे’, ‘काही अडचण नाही’ एवढेच सांगितले. मार्गदर्शक म्हणतात, नमुना शंभरावर न्या. मुदतीला दोन महिने आहेत. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, म्हसरूळ

उत्तर : शंभर बायकांना विचारले, तर ‘बरं आहे’ हे उत्तर शंभर वेळा मिळेल, एवढाच फरक पडेल. तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती मुकादमाबद्दलच्या वाक्यात आहे. ज्याच्याकडून हंगामापूर्वी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आणि ज्याच्या हातून अखेरचा हिशेब व्हायचा, त्याच्या देखत कोणती बाई तक्रार सांगेल? म्हणून ती उत्तरे खोटी ठरवून टाकून देऊ नका. प्रत्येक प्रश्नावलीच्या पाठीमागे ती कोठे, किती वाजता आणि कोणाच्या समोर भरली गेली, याची नोंद आठवत आहे तोवर करून ठेवा. तुमच्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात ही नोंद पाठ्यपुस्तकातून उतरवलेल्या नमुनानिवडीच्या व्याख्यांपेक्षा कितीतरी अधिक बोलेल.

दुसरी गोष्ट, तुम्ही दोन वेगळ्या समूहांना एकाच शीर्षकाखाली बसवले आहे. नाक्यावर उभी राहणारी बाई रोजच्या रोज मजुरी ठरवते आणि संध्याकाळी पैसे हातात घेऊन परतते. बागेत उतरलेली टोळी मात्र सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातून भात आणि नागलीची कामे आटोपल्यावर येते, बांधाशेजारच्या खोपटात मुलांबाळांसह राहते आणि गोडी छाटणीपासून (फळ धरण्यासाठीची छाटणी) डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), थिनिंग (घडातील मण्यांची विरळणी) ते काढणीपर्यंतची कामे बहुधा एकरी ठेक्याने करते. या दोघींच्या अडचणी एका तक्त्यात मांडल्या, तर सरासरी निघेल, पण ती कोणाचीच नसेल. दोन महिन्यांत एकच समूह पेलेल. माझे मत विचाराल, तर टोळी घ्या.

‘समस्या’ हा शब्दही शीर्षकातून काढून टाका. समस्या हा प्रश्न नव्हे, ते पोते आहे. त्यात आरोग्य, शिक्षण, निवारा, मजुरी, व्यसन असे काहीही कोंबता येते आणि लघुप्रबंधाची पाने भरतात. त्याऐवजी उत्तर देता येईल असा एक प्रश्न धरा. उदाहरणार्थ, उचल कोणाच्या नावावर घेतली जाते, ती कोणत्या कामातून फिटते आणि हंगाम संपताना बाईच्या स्वतःच्या हातात काय उरते? या एका धाग्याच्या मागे गेलात, तर निवारा, आजारपण, मुलांची सुटलेली शाळा हे सगळे आपसूक येईल, आणि ते एकमेकांशी जोडलेले असेल.

येथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. विद्यार्थिदशेत मीही छापील प्रश्नावली घेऊन एका बागेवर गेलो होतो आणि पहिलाच प्रश्न विचारला होता, ‘तुमची दिवसाची मजुरी किती?’ ती बाई घडाची विरळणी करत होती. हातातली कात्री न थांबवता ती म्हणाली, ‘दिवसाची कशाची? एकराची बोला.’ ठेक्याची रक्कम टोळीत वाटली जाते, त्यातून उचल वळती होते, मधल्या बाजारहाटाला घेतलेले पैसेही कापले जातात. तेव्हा ‘दिवसाची मजुरी’ हा रकाना तिच्या जगात नव्हताच. मी मात्र तो भरण्यासाठी तिच्याकडून भागाकार करवून घेतला आणि आलेला आकडा अहवालात छापला. तुमच्या साठ प्रश्नांपैकी असे किती रकाने आहेत, ते एकदा पेन्सिलीने तपासा.

‘स्थलांतरित’ म्हणजे कोण, हेही लिहून ठरवा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतराची व्याख्या अशी होती की, मागील ३६५ दिवसांत रोजगारासाठी एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ जो बाहेर राहिला तो अल्पकालीन स्थलांतरित. तुमची बाई दसऱ्यानंतर येते, मध्ये दिवाळीला घरी जाते, पुन्हा येते, होळीला पुन्हा जाते. हे एक स्थलांतर की दोन, याचा निर्णय तुमचा आहे आणि तो कारणासह नोंदवायचा आहे. शिवाय पेठहून दिंडोरीला येणे हे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठीच होता. ही बाई घरापासून तुटलेली असूनही त्या कायद्याच्या लेखी स्थलांतरित नव्हती, हा मुद्दा तुमच्या प्रस्तावनेत यायला हवा.

संमतिपत्राबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. जिने कागदावर अंगठा दिला तो केवळ उचलीसाठी, तिच्यापुढे दुसरा कागद आणि शाईचा पॅड ठेवला की ती दचकणारच. अभ्यास कशासाठी आहे, नाव छापले जाणार नाही, मध्येच थांबता येईल, हे सारे तिच्या बोलीत सांगून, तिच्या विश्वासातील एखाद्या साक्षीदारासमक्ष तोंडी संमती घ्यावी आणि तशी नोंद ठेवावी. ही पद्धत तुमच्या विभागाकडून आधी मान्य करून घ्या. कोकणा या आदिवासी समाजाच्या बायका आपसांत बोलतात ती बोली तुम्हाला येत नसेल, तर दुभाषी म्हणून मुकादमाचा मुलगा नको, त्यांच्याच गावची एखादी शिकलेली मुलगी शोधा.

आणि त्या तुम्हाला रेशनचे विचारतील. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने अशा वेळी ‘मी फक्त माहिती गोळा करते’ असे म्हणून वही मिटणे मला पटत नाही. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेनुसार गावाबाहेरच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य घेता येते, हे सांगा, गरज पडल्यास दुकानापर्यंत सोबत जा. मात्र ही मदत मुलाखतीचा मोबदला होऊ देऊ नका. जी बोलली नाही, तिलाही तीच माहिती मिळाली पाहिजे.

आता दोन महिन्यांचा हिशेब. चाळीस प्रश्नावल्या पहिला टप्पा म्हणून ठेवा. होळीला टोळ्या गावी परततात. त्या दिवसांत दोन पाड्यांवर जाऊन दहा-बारा बायकांशी, प्रत्येकीशी निदान दोनदा, त्यांच्या ओट्यावर बसून बोला. बागेत ‘बरं आहे’ म्हणणारीच बाई ओट्यावर काय सांगते, ही तुलना हाती आली की मार्गदर्शकांचा शंभराचा आग्रह आपोआप मवाळ होईल. न झाल्यास दोन्ही मुलाखतींचे उतारे शेजारी शेजारी ठेवून त्यांना वाचायला द्या.

प्रश्न : मी इतिहास विषयात एम.ए. करत आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहातील स्त्रियांवर प्रकल्प घेतला आहे. दोन कुटुंबांत आजीच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी मिळाल्या, पण लेखी पुरावा काही नाही. या आठवणी वापरता येतील का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : वापरता येतील, पण त्या १९३० च्या साक्षी नव्हेत. त्या वर्षी वीस वर्षांची असलेली स्त्री आज शंभरी केव्हाच ओलांडून गेली असती. तुमच्या हाती आहे ते नातवंडांनी सांभाळलेले कथन आहे आणि त्याला तसेच म्हणावे. अशा कथनांत २ मार्च १९३० ची मिरवणूक, एप्रिलमधील रामनवमीच्या रथाचा प्रसंग आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा एकाच दिवशी घडल्यासारखी जवळ येतात. ती चूक दुरुस्त करण्याच्या घाईत कथन मोडू नका. आधी जसेच्या तसे लिहा, कालक्रम त्याखाली वेगळा मांडा.

लेखी साधने का सापडत नाहीत, याचे एक कारण तारखांतच आहे. ‘बहिष्कृत भारत’ १९२९ मध्ये बंद पडला आणि ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० ला निघाला. म्हणजे सत्याग्रहाचे पहिले जवळजवळ नऊ महिने बाबासाहेबांचे स्वतःचे पत्र चालू नव्हते, आणि त्या काळासाठी तुम्हाला इतरांच्या वृत्तपत्रांवर व सरकारी कागदांवर विसंबावे लागते. ही इतर पत्रे कोणाच्या बाजूची होती, हे प्रत्येक उताऱ्यापाशी लिहा. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा १७ वा खंड, भाग पहिला, आधी वाचा. मग मुंबईच्या पुराभिलेखागारात गृहखात्याची दप्तरे मागा. नाशिकमध्ये जुन्या नियतकालिकांची चौकशी १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयापासून सुरू करावी.

३ मार्चला मंदिराच्या दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, असा आकडा चरित्रांतून येतो. त्या पंचवीस जणींची नावे मात्र सहसा कोणी देत नाही. सबंध सत्याग्रहातील स्त्रिया हा विषय एम.ए.च्या प्रकल्पाला फार मोठा आहे. या पंचवीसांपैकी तीन-चार जणींपर्यंत पोहोचता आले, तरी तो पुरेसा होईल.

प्रश्न : माझा अहवाल मराठीत आहे. वाङ्मयचौर्याच्या संगणकीय तपासणीत इतर लेखनाशी २२ टक्के साम्य निघाले. इंग्रजी पुस्तकांतून अनुवादित केलेला भाग मात्र यंत्राने पकडला नाही. आता शब्द बदलून साम्य कमी करू का?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : शब्द बदलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; १० ते ४० च्या दरम्यान असल्यास ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रत द्यावी लागते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीत धरायची नसतात, तेव्हा ती वगळली होती का, हे ग्रंथालयात विचारा. अनुवादित भागाचे मात्र यंत्राने पकडले नाही म्हणून काही बदलत नाही. तो दुसऱ्याचा विचार आहे, मराठीत आणल्याने तुमचा झालेला नाही. पुन्हा तपासणीला देण्यापूर्वी त्या प्रत्येक परिच्छेदाखाली मूळ लेखक, पुस्तक आणि पृष्ठक्रमांक लिहा.