अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजची रजिस्टर्ड अप्रेंटिसशिप म्हणजे नेमकं काय? मुलाने करावी का, आणि छोट्या मशीन शॉपने अप्रेंटिस ठेवावा का?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज कामावरून आल्या आल्या लिहायला बसलोय. तुम्ही लिहिलंय की शिकागोच्या उपनगरात राहता, मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे, चार वर्षांच्या कॉलेजला जायचं नाही म्हणतो, मशीनवर काम करायचंय म्हणतो, शाळेच्या काउन्सेलरने रजिस्टर्ड अप्रेंटिसशिप सुचवली, आणि मिस्टर ज्या मशीन शॉपमध्ये मॅनेजर आहेत तिथले मालकही नेमकं हेच विचारतायत की आपण अप्रेंटिस ठेवायचा का. मी कोल्हापूरला आयटीआय केलं, मशिनिस्ट ट्रेड, मग पिंपरीत अप्रेंटिस होतो, बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो त्याला आता अठरा वर्षं झाली, तेव्हापासून टूलरूममध्येच आहे, म्हणजे जिथे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनतात तिथे, आणि गेल्या काही वर्षांत तीन मुलं माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळे जे लिहितोय ते रोजच्या कामातलं आहे.

आधी एक करा, आपल्याकडची अप्रेंटिसशिप डोक्यातून काढून टाका, कारण शब्द तोच असला तरी मामला वेगळा आहे. आपल्याकडे १९६१ चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट, त्यात अप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नाही असं कायद्यातच लिहिलंय, त्याला पगार नाही विद्यावेतन मिळतं, आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला ठरावीक टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. इथे कुठल्याही कंपनीवर सक्ती नाही, पण एकदा रजिस्टर्ड, म्हणजे सरकारकडे नोंदवलेल्या, प्रोग्रॅममध्ये मुलगा घेतला की तो पहिल्या दिवसापासून कंपनीचा पगारी कर्मचारी असतो, आणि ठरलेल्या टप्प्यांनी त्याचा पगार वाढवावाच लागतो. इथला मूळ कायदा १९३७ चा आहे, जेमतेम पानभर असेल, बाकी सगळे बारकावे नंतरच्या नियमांत आहेत. शेजारच्या विस्कॉन्सिनने तर १९११ मध्येच स्वतःचा कायदा केला होता आणि तिथे आजही राज्याची एजन्सी हे बघते, आपल्या इलिनॉयमध्ये मात्र थेट केंद्राच्या लेबर डिपार्टमेंटचं ऑफिस रजिस्ट्रेशन करतं.

आता त्यात असतं काय. कामावर शिकण्याचे कमीत कमी २००० तास, म्हणजे साधारण एक वर्षाची फुल टाइम नोकरी, पण मशिनिस्टसाठी बहुतेक ठिकाणी ८००० तास म्हणजे चार वर्षं धरतात. त्याच्या जोडीला दर वर्षी १४४ तास क्लासरूमचं शिक्षण, हा आकडा नियमांत शिफारस म्हणून दिलाय, म्हणजे आठवड्याला तीन तास धरले तर ४८ आठवडे, आणि हे शिक्षण बहुधा कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक दोन वर्षांचं कॉलेज देतं, ब्लूप्रिंट रीडिंग, शॉप मॅथ, मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापाचं शास्त्र, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग वगैरे. कॉलेज नीट जोडलेलं असेल तर हेच क्रेडिट असोसिएट म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीत धरले जातात, पण ते सगळे पुढे चार वर्षांच्या कॉलेजला चालतीलच असं नाही, ते आधीच लेखी विचारून घ्या कारण मुलाचं मन बाविसाव्या वर्षी बदलू शकतं. शेवटी सर्टिफिकेट मिळतं ते लेबर डिपार्टमेंटचं, कंपनीचं नाही, आणि ते दुसऱ्या राज्यात गेलात तरी चालतं.

पगाराचं उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते. समजा शॉपमधल्या जर्नीवर्करला, म्हणजे पूर्ण तयार झालेल्या कारागिराला, आपण ज्याला मिस्त्री म्हणतो त्याला, तासाला ३२ डॉलर आहेत. अप्रेंटिस ६० टक्क्यांवर सुरू होतो म्हणजे १९ डॉलर २० सेंट, मग दर हजार तासांनी पाच टक्के वाढ, आठ हजार तास झाले की तो पूर्ण रेटवर येतो. हे टक्के प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळे असतात पण तक्ता आधी लिहिलेला असावाच लागतो आणि मुलाच्या करारात असतो. सुरुवात किमान वेतनाच्या खाली करता येत नाही, ते इलिनॉयमध्ये २०२५ पासून १५ डॉलर आहे.

हा 'आधी लिहिलेला' शब्द मी मुद्दाम घातला, कारण मी हे नसल्याचं फळ बघितलंय. आधीच्या एका कंपनीत, नाव घेत नाही, एकोणीस वर्षांचा एक मुलगा 'अप्रेंटिस' म्हणून घेतला होता. रजिस्ट्रेशन नाही, कागद नाही, फक्त तोंडी. पोरगा हुशार होता, हात स्थिर होता. दहा महिने त्याला बँड सॉवर बार कापायला आणि डिबरिंगला, म्हणजे कापलेल्या तुकड्यांच्या धारदार कडा घासायला, बसवला, कारण ते काम कायम साचलेलं असायचं आणि बाकीच्यांना नको असायचं. पगारवाढीचं विचारलं की पुढच्या क्वार्टरला बघू, लेथवर कधी घेणार विचारलं की ही ऑर्डर जाऊ दे. एका सोमवारी तो आलाच नाही, नंतर कळलं वेअरहाऊसमध्ये तासाला दोन डॉलर जास्त मिळतात म्हणून गेला. मला आजही वाईट वाटतं, माझं मशीन त्याच्यापासून वीस फुटांवर होतं आणि मी त्याला एकदाही बोलावून घेतलं नाही.

आताच्या शॉपमध्ये प्रोग्रॅम रजिस्टर्ड आहे. त्याच्या कागदपत्रांना स्टँडर्ड्स म्हणतात आणि त्यात अपेंडिक्स ए म्हणून एक भाग असतो, त्यात कुठल्या कामाचे किती तास ते लिहिलेलं असतं, मिलिंग इतके, टर्निंग इतके, ग्राइंडिंग इतके, इन्स्पेक्शन इतके. मुलगा रोजचे तास नोंदवतो, मी सही करतो. माझ्याकडच्या दुसऱ्या मुलाचं सांगतो. एका शुक्रवारी दुपारी सही करताना मी सहज मागची पानं चाळली तर चार महिन्यांत सरफेस ग्राइंडिंगच्या, म्हणजे फिरत्या चाकाने पृष्ठभाग घासून सपाट करण्याच्या, रकान्यात शून्य. मिलिंग भरभरून, कारण मिलवर तो चांगला चालायला लागला होता आणि फोरमनला तो तिथेच हवा होता. मी वही घेऊन फोरमनकडे गेलो, म्हटलं हे बघ, हे आपण लेबर डिपार्टमेंटला लिहून दिलंय. सोमवारी पोरगा ग्राइंडरवर. पहिल्या दिवशी त्याने पाच थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कट एकदम घ्यायला चाक खाली आणलं, मी हात धरला, म्हटलं ग्राइंडिंगमध्ये अर्धा थाऊ म्हणजे पण खूप झालं, ठिणग्यांचा आवाज ऐक आधी. संध्याकाळपर्यंत त्याने ब्लॉक दोन टेन्थच्या (टेन्थ म्हणजे थाऊचा दहावा भाग) आत आणला आणि मायक्रोमीटरचं रॅचेट तीन वेळा फिरवून मला दाखवायला आला, तिन्ही वेळा तेच रीडिंग. आधीच्या कंपनीतल्या त्या पोराकडे अशी वही असती आणि तिच्यावर सही करणारं कोणी असतं तर तो आज मशिनिस्ट असता, असं मला मनापासून वाटतं. रजिस्टर्ड शब्दाचा खरा उपयोग हा आहे, बाकी फायदे नंतर.

मुलाच्या बाजूने अजून थोडं. वय १६ पासून चालतं पण धोकादायक मशीनचं काम असेल तर साधारणपणे १८ पूर्ण लागतात, म्हणून बहुतेक शॉप ग्रॅज्युएशननंतरच घेतात. सुरुवातीला प्रोबेशन असतं, जास्तीत जास्त एक वर्ष, त्यात दोघांपैकी कोणीही कारण न देता करार सोडू शकतं, त्यानंतर कंपनीला काढायचं असेल तर योग्य कारण लागतं. शाळेत किंवा आधी कुठे काम केलं असेल तर त्याचे तास मोजून घ्या, अशी तरतूद आहे आणि लोक विचारतच नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलं नाहीये म्हणून स्पष्ट सांगतो. अप्रेंटिस हा कर्मचारी असल्यामुळे कामाची परवानगी लागते. मुलगा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवर असेल तर प्रश्न नाही, पण तो एच-फोरवर, म्हणजे एच-वनबीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर त्याला हे करता येणार नाही, एच-फोरचं वर्क परमिट काही जोडीदारांना मिळतं, मुलांना नाही. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाऊनही चार वर्षांची फुल टाइम नोकरी बसत नाही. आपल्या ओळखीतल्या एका घरात हे सगळं ठरल्यावर कळलं आणि मुलगा महिनाभर कोणाशी बोलला नाही, तेव्हा आधी हे तपासा.

आणि फक्त मशीनच असं धरून बसू नका. अमेरिकेत सहा लाखांच्या वर रजिस्टर्ड अप्रेंटिस आहेत, त्यात बांधकामवाले खूप, इलेक्ट्रिशियन प्लंबर वगैरे, पण आपल्याच भागात शॉमबर्गच्या झुरिक इन्शुरन्सने पॅलटाइनच्या हार्पर कॉलेजबरोबर २०१६ मध्ये इन्शुरन्सची अप्रेंटिसशिप सुरू केली, आठवड्याचे तीन दिवस ऑफिसात आणि दोन दिवस कॉलेजात. मुलाचं मन खरंच मशीनवर आहे की फक्त चार वर्षं वर्गात बसायचं नाहीये हे त्याच्याशी शांतपणे बोला, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्हीत काही चूक नाही.

आता मिस्टरांच्या शॉपचं. मालकांना वाटत असेल की सरकारी कागदपत्रांचा डोंगर उपसावा लागेल, तर तसं नाही, छोट्या शॉपने स्वतः प्रोग्रॅम काढायची गरज नसते. बरीच कम्युनिटी कॉलेजं स्वतः स्पॉन्सर असतात, स्टँडर्ड्स त्यांचे, रजिस्ट्रेशन आणि रेकॉर्ड ते सांभाळतात, कंपनी एक करार करून त्यात सामील होते, अगदी एक अप्रेंटिस असला तरी. कंपनीचा खर्च म्हणजे पगार, बऱ्याच ठिकाणी ट्यूशन आणि पुस्तकं, आणि शिकवणाऱ्या माणसाचा वेळ. ट्यूशनला मुलगा पात्र असेल तर पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी केंद्र सरकारची मदत, लागू शकते. लोकल वर्कफोर्स बोर्डाकडे, म्हणजे रोजगार-प्रशिक्षणाचा सरकारी पैसा वाटणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, ऑन-द-जॉब ट्रेनिंगचे पैसे असतात, पात्र उमेदवार असेल तर काही काळ पगाराचा साधारण निम्म्यापर्यंत भाग कंपनीला परत मिळू शकतो, पण त्याचा करार मुलाला कामावर घ्यायच्या आधी करावा लागतो, नंतर गेलं तर हात हलवत परत यावं लागतं.

पण मालकांनी पैशाचं गणित करायच्या आधी वेळेचं करावं. पहिलं वर्ष अप्रेंटिसपेक्षा शिकवणाऱ्याचं जास्त कठीण असतं. माझं स्वतःचं काम पहिल्या सहा महिन्यांत रोज तास-दीड तास मागे पडायचं आणि ते मालकाने आधीच मान्य केलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर मीच त्या पोरावर चिडलो असतो. शॉपमधला सगळ्यात हुशार माणूस चांगला शिकवतोच असं नाही. आमच्याकडे एक पोलिश आजोबा होते, चाळीस वर्षं टूल अँड डाय, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवायचं काम, केलेले, ते जॉब हातातून काढून घेऊन स्वतः करून दाखवायचे, पोरगा नुसता उभा. दुसरा एक मेक्सिकन मिस्त्री, इंग्लिश तोडकंमोडकं, पण तो पोराला जॉब बिघडवू द्यायचा, स्क्रॅपचा तुकडा द्यायचा आणि शेजारी उभा राहायचा. पोरं त्याच्याकडे जास्त शिकली. असा माणूस तुमच्या शॉपमध्ये असेल आणि तो पाच-सहा वर्षांत रिटायर होणार असेल तर अप्रेंटिस आत्ताच घ्या, तो गेल्यावर नको.

तुमच्या मनात हेही असेल की मुलाला मिस्टरांच्याच शॉपमध्ये ठेवू, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटले. माझं मत विचाराल तर नको. तासांवर सही करणारा आणि पगारवाढ ठरवणारा बाप असेल तर बाकीची माणसं मोकळेपणाने शिकवत नाहीत, चूक झाली की बोलत नाहीत, आणि शिकणाऱ्या पोराला कोणी चूक दाखवल्याशिवाय चालत नाही. शिवाय उमेदवार कसा निवडायचा तेही स्टँडर्ड्समध्ये लिहिलेलं असतं, सगळ्यांना सारखी संधी द्यावी लागते. एल्क ग्रोव्ह व्हिलेजला एवढी मोठी इंडस्ट्रियल एरिया पडलीये, त्याला दुसऱ्या दारात जाऊ द्या, आणि मिस्टरांनी दुसऱ्या कोणाचं तरी पोर घ्यावं.

कॉलेजच्या अप्रेंटिसशिप ऑफिसला फोन करून माहितीच्या सेशनची तारीख घ्या, मुलाला बरोबर न्या आणि बोलू त्यालाच द्या. तिथे अपेंडिक्स ए आणि पगाराचा तक्ता मागून घ्या, घरी येऊन तिघं मिळून वाचा. मग ज्या शॉपमध्ये इंटरव्ह्यू असेल तिथे मुलाने विचारायचं की मला शिकवणार कोण, आणि जमलं तर त्या माणसाला मशीनवर जाऊन भेटायचं. मिस्टरांनीही आपल्या मालकांना हाच प्रश्न विचारावा. नाव लगेच सांगितलं तर कॉलेजला फोन करा, कोणीतरी शिकवेल म्हणाले तर अजून थांबा. काही अडलं तर इथेच खाली लिहा, मी रात्री जेवण झाल्यावर बघतो.