बिहजादची खरी चित्रे

प्रश्न : इराणी दरबारी चित्रकार बिहजाद याचीच म्हणून खात्रीने सांगता येतील अशी चित्रे कोणती?

उत्तर : आजच्या अफगाणिस्तानातील हेरातमध्ये तिथला शासक सुलतान हुसेन बायकराच्या पदरी असलेल्या कमालुद्दीन बिहजादच्या नावावर पुढे पुष्कळ चित्रे खपवली गेली, परंतु फारसी कवी सादीच्या ‘बोस्तान’ या काव्याचे १४८८ सालचे जे हस्तलिखित आज कैरो येथे आहे, त्यातील स्वाक्षरीची चित्रे अभ्यासक त्याचीच मानतात. त्यांपैकी मोहात पाडू पाहणाऱ्या जुलेखाच्या तावडीतून निसटणाऱ्या युसुफच्या चित्रात बंद दारे आणि वळणावळणाचे जिने असे रचले आहेत, की पाहणाऱ्याची नजरही महालात कोंडली जाते. बाबराने आत्मचरित्रात बिहजादची नाजूक कारागिरी वाखाणली, मात्र बिनदाढीचे चेहरे त्याला साधत नाहीत, हनुवटी तो फार लांबवतो, अशी तक्रारही नोंदवली. युसुफकडे पाहता ती आम्हाला जरा कठोरच वाटते.