वाचकांचे प्रश्न : कोर्टाची सुटी, रजा आणि संघटना

प्रश्न : मी जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिक आहे. उन्हाळी सुटीत निम्मे दिवस कामावर बोलावलं. त्याबदल्यात अर्जित रजा मिळेल का?

उत्तर : अर्जित रजा, म्हणजे केलेल्या नोकरीबद्दल खात्यावर जमा होणारी पगारी रजा, मिळते, पण कागद असेल तरच. कोर्टासारख्या दीर्घ सुटी असलेल्या खात्यात पूर्ण सुटी उपभोगली, तर त्या वर्षाची अर्जित रजा मिळत नाही. सुटी नाकारली गेली, तर ३० दिवसांच्या प्रमाणात मिळते. समजा सुटी २८ दिवसांची आणि १४ दिवस तुम्ही कामावर, तर ३० × १४ ÷ २८ म्हणजे १५ दिवस. घोटाळा होतो तो इथेच : साहेबांनी तोंडी सांगितलं, हजेरीपटावर सही झाली, पण आदेश निघाला नाही. वरिष्ठांचा सामान्य वा विशेष लेखी आदेश नसेल, तर सुटी उपभोगली असंच धरलं जातं. म्हणून सुटी लागण्यापूर्वीच आदेशाची प्रत मागून घ्या. नंतर हजेरीचा उतारा जोडून अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या आणि सेवापुस्तकातलं रजेचं पान स्वतः उघडून नोंद पाहा. निवृत्तीच्या तोंडावर जुने आदेश शोधताना माणसं अक्षरशः रडकुंडीला येतात.

प्रश्न : संघटनेने संप पुकारला, तर सामील होणं हा हक्कच ना?

उत्तर : नाही. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे, संपाचा नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नसल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात सांगितलं. त्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो, शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.