बेळगाव, बेळगावी आणि बेळगावकर : कमांड लाइनवरचे तुमचे प्रश्न

(कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.)

आमच्या सभासदयादीत गावाच्या रकान्यात कुठे 'बेळगाव' आहे, कुठे 'बेळगावी'. सगळीकडे 'बेळगावी' हवं म्हणून सेडने (मजकूर शोधून बदलणाऱ्या कमांडने) बदल केला, तर काही ओळींत शेवटी दोन वेलांट्या आल्या. काय चुकलं? — एक वाचक, खानापूर

१ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या नोंदी आपल्याकडच्या बहुतेक याद्यांत अशाच मिसळलेल्या सापडतात. सेडला शब्द कळत नाही, फक्त अक्षरांची माळ कळते. 'बेळगावी'च्या पोटात 'बेळगाव' आहेच. सेडने ते काढून तिथे 'बेळगावी' बसवलं आणि मूळची वेलांटी मागे तशीच राहिली.

पण दोन वेलांट्या निदान डोळ्यांना खुपतात. मला काळजी आहे ती आडनावांची. मागे एका पतसंस्थेच्या यादीवर मी हीच कमांड चालवली आणि 'बेळगावकर' होते ते सगळे 'बेळगावीकर' झाले. पासबुकं छापून झाली होती. शहापूरच्या एक आजी काउंटरवर आल्या, पासबुक उघडून नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, हे आमच्या घरचं आडनाव नव्हे." ते बोट मी विसरलेले नाही. तुमची जुनी फाइल जपून ठेवली असेल तर आत्ताच उघडा आणि आडनावं तपासा.

आता बदलाआधी काय करायचं ते सांगते. आधी पाहा की फाइलमध्ये कोणकोणती रूपं आहेत. ग्रेपला (नमुना शोधणाऱ्या कमांडला) 'उणे ओ' दिलं की तो पूर्ण ओळ न देता जुळलेला तुकडाच देतो. 'बेळगा' आणि त्यापुढे जागा किंवा स्वल्पविराम येईपर्यंतचं सगळं, असा नमुना द्या. 'बेळगाव' देऊ नका, कारण जुन्या दप्तरात 'बेळगांव' असं अनुस्वाराचं रूप असतं आणि ते तुमच्या हातून निसटेल. ग्रेपचं उत्तर पाइपने (उभ्या रेघेने) ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टकडे आणि तिथून सारख्या ओळी मोजणाऱ्या 'युनिक (यू-एन-आय-क्यू) उणे सी'कडे पाठवा. प्रत्येक रूप एकदाच दिसेल, शेजारी ते किती वेळा आलं तो आकडा. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेळगावकर, बेळगावात अशी ती यादी वाचल्याशिवाय मी आता सेडला हात लावत नाही.

बदल करायला ऑक घ्या. त्याला रकाना सांगता येतो : चौथा रकाना तंतोतंत 'बेळगाव' किंवा 'बेळगांव' असेल तरच 'बेळगावी' कर, बाकी ओळ जशी आहे तशी राहू दे. आडनाव दुसऱ्या रकान्यात सुखरूप राहतं. मात्र पत्त्यात स्वल्पविराम असतील तर रकान्यांची गणती चुकते. त्यासाठी फाइल टॅबने वेगळी करून मागवा. ऑकचं उत्तर नव्या फाइलमध्ये घ्या आणि जुन्या-नव्यावर डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) चालवा. बदललेल्या ओळी आधी मोजलेल्या 'बेळगाव' आणि 'बेळगांव'च्या बेरजेपेक्षा जास्त निघाल्या, तर फाइल पुढे पाठवू नका.

ग्राहकांचे अभिप्राय एकाच फाइलमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींत येतात. 'ग्रेप उणे पी' (मोठा पी) ला चौकटी कंसात अ ते ह दिलं की टर्मिनलवर फक्त मराठी ओळी मिळतात. तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालली की कन्नडही येतं. — निपाणी

तुम्ही पत्रात लिहिलंय की लोकॅलची (भाषा-लिपीची) सेटिंग बॅशआरसीत आहे, म्हणजे कमांडी चालवणारा बॅश हा प्रोग्राम टर्मिनल उघडताना वाचतो त्या फाइलमध्ये. क्रॉन ती फाइल वाचत नाही. मग ग्रेप साध्या 'सी' लोकॅलमध्ये चालतो आणि अक्षरं सोडून बाइट पाहतो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, कन्नडचंही तीनच, आणि दोन्हींचा पहिला बाइट एकच : २२४. तुमच्या 'अ ते ह'चे तुकडे पडून १३३ ते २२४ अशी बाइटची रांग तयार होते आणि कन्नड ओळ तिच्यात आपोआप येते.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीखाली 'एक्स्पोर्ट एलसी_ऑल' ला 'सी.यूटीएफ-८' द्या. सर्व्हरवर ते आहे का हे 'लोकॅल उणे ए' सांगेल. अ ते ह ही मर्यादा तुम्ही छान निवडली आहे. पूर्ण देवनागरी पट्टा घेतला असता तर त्यातला दंड (।) कन्नड कवितांतही वापरतात, त्या ओळी अडकल्या असत्या. कन्नडसाठी कन्नड अ ते कन्नड ह द्या. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) दोन्ही लिप्यांची मांडणी समांतर आहे, आपला ळ पट्ट्यात ज्या जागी आहे त्याच जागी त्यांचा ळ आहे.

मागच्या महिन्यात लिहिलेली लांबलचक कमांड पुन्हा कशी शोधायची? — विद्यार्थिनी, चिकोडी

कंट्रोल-आर दाबा आणि कमांडमधला कोणताही तुकडा टाइप करा. पुन्हा दाबलं की त्याआधीची जुळणारी. उबुंटूत मुळात जुन्या कमांडी साठवणाऱ्या फाइलमध्ये २००० ओळीच राहतात, तेव्हा बॅशआरसीत 'हिस्टसाइझ' आणि 'हिस्टफाइलसाइझ' दोन्ही वाढवून घे. आणि महत्त्वाच्या कमांडच्या शेवटी जागा सोडून हॅश (#) टाकून खुणेचा शब्द लिही. बॅश तो चालवत नाही, पण जपून ठेवतो. माझ्या त्या ऑकच्या ओळीमागे 'आडनाव तपासलं' असं लिहिलेलं आहे, आणि मी ती त्याच शब्दाने शोधते.